रव्याची परात

मे महिन्यातली जळगावची दुपार. पारा ४४च्या वर, खिडक्यांना ओले पडदे, कूलरची घरघर. सकाळी नऊनंतर मुलांना अंगणात सोडायची सोय नाही आणि ऊन कलेपर्यंत दार उघडायची नाही. घरात दोघं. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. मी पितळी परातीत जाडा रवा पसरला, परात फरशीवर ठेवली आणि थोरलीला म्हटलं, "चल, आज बोटानं ट काढू."

तिनं आधी रव्यावरून नुसताच हात फिरवला. मग तर्जनी टेकवली. वरची आडवी रेघ, तिच्याखाली छोटी दांडी, मग पोट काढत गेलेलं वळण. रव्यात बोट किंचित अडतं. पाटीवर पेन्सिल घसरते तसं ते घसरत नाही आणि त्या अडण्यातूनच हाताला वळण कळतं. ट पुरा झाला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात धाकट्यानं धावत येऊन दोन्ही तळहात परातीत आपटले. रवा उडाला, ट गेला. थोरलीनं परातीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

त्या दिवशीही मी नेहमीचंच केलं. त्याला उचललं, आतल्या खोलीत नेलं, हातात डबा-चमचा दिला आणि दार लोटून घेतलं. तो दारावर चमचा आपटत राहिला. बाहेर थोरलीनं बोट पुन्हा टेकवलं, पण तिचं लक्ष दाराकडेच होतं. दोन अक्षरांत धडा संपला. एक शिकली नाही आणि दुसरा रडून रडून झोपला.

माझ्या मनात तेव्हा शिकवण्याचं एक चित्र पक्कं बसलेलं होतं. त्यात एक आई होती, एक मूल होतं, मधे एक वही होती आणि घरात शांतता होती. धाकट्याला त्या चित्रात जागाच नव्हती. तो झोपला की शाळा सुरू आणि तो उठला की शाळा बंद. त्याची झोप चाळीस मिनिटांची. त्यातली दहा थोरलीला बसवण्यात जायची, दहा 'हळू बोल, तो उठेल' म्हणण्यात. उरलेल्या वीस मिनिटांत मी तिला अक्षरं, अंक, रंग, आकार असं सगळंच द्यायला बघायचे. ती जांभया द्यायची आणि माझा जीव कासावीस व्हायचा.

या घाईच्या मागे एक प्रसंग होता. त्याआधीच्या हिवाळ्यात तिला एका शाळेत प्रवेशासाठी नेलं होतं. बाईंनी तिच्यासमोर चित्रं ठेवली आणि इंग्रजीतून नावं विचारली. एका चित्रावर बोट ठेवून थोरली म्हणाली, "केळं. पण अजून पिकलं नाही." चित्रातलं केळं खरोखरच देठाशी हिरवं होतं. बाईंनी कागदावर फुली मारली. रावेर-यावलच्या केळीबागांचा आमचा जिल्हा. ट्रकमध्ये चढणारे घड पाहत वाढलेल्या मुलीनं चित्रातल्या फळाची पक्वता ओळखली होती. ही निरीक्षणाची बाब आहे, तुलनेची आहे, पूर्ण वाक्यात सांगण्याची आहे. तिथं मात्र ती चूक ठरली. मीही त्या वेळी तिच्या बाजूनं बोलले नाही. घरी येऊन वेळापत्रक केलं आणि भिंतीवर चिकटवलं.

रव्याच्या परातीत जे घडलं ते त्या वेळापत्रकात कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दूध उतू जाईल म्हणून मी स्वयंपाकघरात गेले होते. परात बाहेर फरशीवरच राहिली होती. रडण्याचा आवाज येईल या धास्तीनं मी कान लावून होते, पण आवाज आला हसण्याचा. ओट्याआडून पाहिलं. थोरली ट काढत होती आणि हात मागं घेऊन म्हणत होती, "पूस!" धाकटा तळहातानं सगळा रवा सपाट करत होता आणि टाळ्या पिटत होता. ती पुन्हा काढत होती. पुन्हा "पूस!" मी मोजायला लागले. बावीस वेळा तिनं ट काढला. पहिले पाच-सहा वाकडे होते. विसाव्याला वळण न थांबता एका दमात आलं. मी समोर बसून 'काढ' म्हटलं असतं तर तिसऱ्याला तिनं बोट झाडलं असतं. तिच्या प्रत्येक अक्षराची वाट पाहणारं कुणी समोर होतं म्हणून ती बावीस वेळा थकली नाही. आणि तोही नुसता पुसत नव्हता. 'पूस' ऐकेपर्यंत हात उचलून थांबायला शिकत होता. दीड वर्षाच्या मुलानं दुसऱ्याच्या शब्दासाठी हात आवरणं, ही काय साधी गोष्ट आहे?

त्याच आठवड्यात आई आली. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. पारोळा-एरंडोल करत एसटीनं ती येते, पिशवीत शेंगा, बिबडे आणि कळण्याचं पीठ घेऊन. दारातूनच तिची अहिराणी सुरू होते. "काय करी ऱ्हायनी वं माय?" हे थोरलीला आणि "आठे ये रे भो" हे धाकट्याला.

मी तिला परातीचा खेळ दाखवला. ती बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "आमना टाइमले असं कोनी बसू दिधं नही." आणि तिची शाळा कशी सुटली ते तिनं सांगितलं. मला ते अर्धवट ठाऊक होतं; पुरतं मी कधी विचारलं नव्हतं.

ती पाच भावंडांत थोरली. तिसरीत असताना पाठचा भाऊ झाला. कापूस वेचणीचे दिवस आले की माझी आजी पहाटेच रानात जायची, आणि भाऊ आईच्या कडेवर यायचा. आई त्याला कडेवर घेऊनच शाळेत जायची. तो रडायचा. एक दिवस गुरुजींनी सांगितलं, याला घरी ठेवून ये. एवढं सांगून आई थांबली आणि म्हणाली, "घर कोन व्हतं?" घरी कुणी नव्हतं, म्हणून दोघंही घरी राहिली. त्या हंगामानंतर ती शाळेत गेली नाही. निंबाच्या फांदीला झोळी बांधायची, दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि बसायचं. तो भाऊ, म्हणजे माझे मामा, पुढे शिकले, नोकरीला लागले. आईला त्यांचा फार अभिमान आहे. तिच्या सांगण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्यामुळे ते मला जास्त लागलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आईची शाळा सुटली ती भावामुळे, असं घरात सगळेच म्हणत आलो होतो. पण भाऊ कडेवर होता यात दोष कसला? शाळेत त्याला बसायला जागा नव्हती, हा दोष होता. आणि धाकट्याला आतल्या खोलीत नेऊन दार लोटणारी मी, त्या गुरुजींहून वेगळं काय करत होते?

बालशिक्षणाच्या इतिहासात हा प्रश्न फार पूर्वी कुणीतरी समोरासमोर घेतला आहे, हे मला नंतर नीट उमगलं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालमंदिराचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसोरी पद्धत त्यांना पटली होती, पण तिची महागडी साधनं आपल्या खेड्यांना परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ होत्या. तिथं त्यांनी परिसरातल्या वस्तूंनाच साधनं केलं. आणि मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जो शब्द रुळला आहे तो 'अंगणवाडी' तिथला.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथं अडचण निराळी होती. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण कुणाच्या मागं शेळ्या होत्या आणि कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. ताराबाई-अनुताईंनी मुलांना रागावलं नाही, आईबापांना दोष दिला नाही. शेळ्यांमागं जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. आणि कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. बहिणीनं भावाला घेऊनच यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. इतका साधा उपाय. तो सुचायला आधी ते कडेवरचं मूल दिसावं लागतं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर त्या तिथंच राबत होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. तिच्यात शाळापूर्व शिक्षण मिळतं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांसाठी आहार आहे, लस आहे, तपासणी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही पाच वर्षं सलग पायाभूत टप्पा मानली. हे सगळं मोलाचं आहे. पण तीनच्या आतलं मूल शिकतं ते घरात, आणि घरात त्याचं सगळ्यात जवळचं पुस्तक म्हणजे त्याचं थोरलं भावंड. ते पुस्तक मूल दिवसभर चाळत असतं.

आई महिनाभर राहिली आणि भिंतीवरचं वेळापत्रक मी काढून टाकलं. तिनं काही शिकवायला घेतलं नाही, पण तिच्या हाताखाली दोघंही सतत काहीतरी करत होती. मी फक्त पाहायला आणि नाव द्यायला शिकले.

वरण-बट्टीच्या दिवशी तिनं कणकेचा उंडा दोघांपुढे ठेवला. थोरलीनं गोळे करून लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडले. धाकट्यानं प्रत्येक गोळ्यात अंगठा खुपसला. आई म्हणाली, खुपसू दे. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कणीक दाबणारा हातच पुढे पेन्सिल धरणार असतो. केळ्याची फणी आणली तर आई ती तशीच पुढे ठेवायची. फणीत केळी दोन ओळींत बसलेली असतात; थोरलीनं वरची ओळ मोजली, खालची मोजली, मग दोन्ही मिळून मोजली. धाकट्यानं एक तोडलं की "आता किती राहिली?" हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही, तो तिलाच पडला.

एक पथ्य मात्र आईनं पहिल्या दिवशीच घालून दिलं. सरकी, हरभरे, शेंगदाणे, मणी, बटणं यातलं काही जमिनीवर येणार नाही. धाकटं मूल हातात येईल ते तोंडात घालतं आणि दाणा घशात अडकायला क्षण लागत नाही. म्हणून वस्तू अशी हवी की ती त्याच्या हातानं धरता येईल पण तोंडात मावणार नाही. वाट्या, पेले, कांदे-बटाटे, लाकडी डाव, झाकणं. एकात एक बसणाऱ्या पाच वाट्यांनी दोघांचा पाऊण तास जातो. ती त्या उतरत्या क्रमानं रचते आणि तो पाडतो. पाडणं हा त्याचा अभ्यास आहे: हात लावला की पडतं, नाही लावला तर उभं राहतं. कार्यकारणाचा हा पहिला धडा तो शंभरदा गिरवतो.

गुलाबाईच्या महिन्यात डब्यातला खाऊ ओळखण्याचा आपला जो खेळ असतो, तो आईनं भर उन्हाळ्यात काढला. झाकण लावलेला डबा कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. थोरली डोळे मिटून ऐकायची. "कडक आहे. गोल आहे. थोडंच आहे." अक्षराआधी कान तयार व्हावा लागतो, क आणि ख, त आणि ट यांतला फरक डोळ्याआधी कानाला कळावा लागतो. आमच्या आज्या-पणज्यांनी हे कानाचं शिक्षण सणात गुंफून ठेवलं होतं. कानबाईच्या रोटाचंही तसंच. आमच्याकडे माणसागणिक सव्वा मूठ गहू घेतात. ही आबांची, ही काकांची, ही भाऊची. एका नावाला एकदाच, कुणाला सोडायचं नाही, कुणाचं दोनदा घ्यायचं नाही. मोजणं म्हणजे एक-दोन-तीन म्हणून दाखवणं नव्हे, हे मला त्या मुठींनी सांगितलं. थोरली आता ताटं मांडताना तसंच नावानं मांडते.

आणि या सगळ्याला धरून होती ती आईची बोली. आठे-तठे, वर-खाले, मना-तुना. धाकट्यानं उचललेला पहिला ठाम शब्द होता "मना!" चेंडू मना, वाटी मना, ताईची वेणीसुद्धा मना. थोरली त्याला समजवायची, "हे तुना, हे मना." आधी मला धास्ती वाटली की घरात अहिराणी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी, पोरं गोंधळतील. पण ती गोंधळली नाहीत. आजीशी एक, माझ्याशी एक, असं थोरली सहज बोलते. आमच्या गावाशेजारच्या असोद्याची लेक, १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई, त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या तोंडची गाणी मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली. भाषा आधी ओठांवर आणि कानांत पिकते, कागदावर ती नंतर उतरते. घरच्या बोलीची लाज धरून जो घाईनं कागदाकडे धावतो, तो मुलाच्या पायाखालची जमीनच काढून घेतो. "केळं, पण अजून पिकलं नाही" या वाक्याची मला आता कुठं जाऊन अभिमानानं आठवण येते.

पण एक गोष्ट मला इथं जपून सांगायची आहे. थोरली आणि धाकटा एकमेकांसोबत शिकतात हे खरं असलं तरी थोरलीला धाकट्याची आई करणं हे निराळं. "तू ताई आहेस ना, तू समजून घे" हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून किती वेळा बोललं जातं! साडेचार वर्षांच्या मुलीनं दरवेळी समजून घ्यायचं, दरवेळी आपली वस्तू द्यायची, दरवेळी आवाज खाली ठेवायचा. माझी आई अशीच समजून घेत घेत शाळेबाहेर पडली होती. झोळीची ती दोरी अजूनही कितीतरी मुलींच्या अंगठ्याला असते. घर पक्कं झालं म्हणून ती आपोआप सुटत नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. भिंतीतल्या वरच्या फळीवर थोरलीचा एक डबा आहे. त्यात तिची कात्री, तिचे खडू, तिचे लहान मणी. तो धाकट्याचा कधीच नाही, आणि त्यानं रडून मागितला तरी मिळत नाही. दुसरं, रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं बाबा धाकट्याला गच्चीत नेतात आणि मी फक्त थोरलीची असते. तेव्हा मी शिकवत नाही. ती म्हणेल ते. कधी गोष्ट, कधी मणी, कधी नुसतं मांडीवर डोकं ठेवून पडणं. या वीस मिनिटांच्या बळावर ती दिवसभर "पूस!" म्हणू शकते, असं मला वाटतं. ज्याला स्वतःचं काही आहे तोच मोकळ्या मनानं देऊ शकतो.

आई धुळ्याला परत निघाली त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. परात मांडलेली होती. खेळ रंगात होता. आई कडेला भिंतीला टेकून बसली होती. थोरली एकदम म्हणाली, "आजी, आता तू काढ."

आई आधी नको म्हणाली. मग पदराला हात पुसून पुढे सरकली. तिनं बोट रव्यावर टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग हळूहळू, दोनदा थांबत, एक अक्षर काढलं. त्याचं वळण जरा मोठं आलं, दांडी थोडी तिरकी झाली.

"हे काय आहे?" थोरलीनं विचारलं. ते तिला अजून यायचं होतं.

"भ," आई म्हणाली. "भाऊना भ."

खेळाच्या नियमाप्रमाणे धाकट्यानं तळहात उचलला आणि बहिणीच्या तोंडाकडे पाहत शब्दाची वाट बघू लागला. थोरलीनं त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आजीचं राहू दे."

तो थांबला. हात तसाच हवेत. मग त्यानं तो सावकाश आपल्या मांडीवर ठेवला.

त्या दिवशी रवा डब्यात भरला नाही. ऊन उतरून दार उघडेपर्यंत परात तिथंच होती, आणि घरातले सगळे तिला वळसा घालून जात होते.